दग्ध भाग आणि शेष ग्रंथी
पौरुषग्रंथीच्या कर्करोगावरील केंद्रित ध्वनिलहरी-चिकित्सा : रुग्णानुभव आणि आपले कर्तव्य



अग्निकर्माचे माहात्म्य आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असते. सुश्रुत सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात क्षारापेक्षा अग्नी श्रेष्ठ का, याचे कारण देताना आचार्य सांगतात की, अग्नीने दग्ध झालेले व्याधी पुन्हा उद्भवत नाहीत. हे वचन २०१८ साली मी एका रुग्णास मोठ्या आत्मविश्वासाने ऐकविले होते. त्याने त्याचा जो अर्थ घेतला, तो पुढे त्यास महागात पडला. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. रुग्णाची अनुमती घेतली आहे व ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

रुग्ण आपल्या वर्धा जिल्ह्यातीलच, निवृत्त मुख्याध्यापक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही तसेच म्हणतो. २०१७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ते प्रथम माझ्याकडे आले. रात्री चार-पाच वेळा मूत्रप्रवृत्तीसाठी उठावे लागे, धार बारीक झाली होती, विसर्जनानंतरही बस्ती रिकामा झाल्यासारखे वाटत नसे. मी मूत्राघातातील वाताष्ठीलेचे निदान केले आणि चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ व वरुणादि क्वाथ अशी योजना केली. दोन महिन्यांत लक्षणांना उतार पडला. गुरुजी समाधानी होते आणि मीही. औषध आठ महिने चालले. या आठ महिन्यांत मी गुदमार्गाने परीक्षण केले नाही आणि रक्तातील पी.एस.ए.ची तपासणीही सुचविली नाही.

पुढे ते मुलाकडे लंडनला गेले. तेथे सहज म्हणून केलेल्या तपासणीत पी.एस.ए. ८.४ आढळले. एम.आर.आय. झाला, त्यात ग्रंथीच्या उजव्या बाजूस संशयास्पद भाग दिसला आणि तेथील ऊतक-तपासणीत मध्यम जोखमीचा कर्करोग निश्चित झाला. तो ग्रंथीबाहेर गेलेला नव्हता. शल्यक्रिया, किरणोपचार आणि केंद्रित ध्वनिलहरी-चिकित्सा असे तीन पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. त्यांनी तिसरा निवडला आणि मुलाने स्वखर्चाने तो करविला. दीड महिन्यानंतर गुरुजी गावी परतले, ते इंग्रजी कागदांची जाड फाईल घेऊनच.

उपचाराचे स्वरूप

सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिलहरींचा आपणा सर्वांस परिचय आहे. त्याच लहरी अधिक तीव्र करून भिंगाने सूर्यकिरण एकवटावेत तशा एका बिंदूवर एकवटल्या, तर त्या बिंदूपाशी काही सेकंदांत तापमान ८० अंश सेल्सियसच्या वर जाते व तेथील पेशी मरतात. मार्गातील ऊतकांना मात्र फारशी इजा होत नाही. या पद्धतीस इंग्रजी आद्याक्षरांवरून हायफू म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी मेंदूच्या संदर्भात या तत्त्वावर पायाभूत काम केले. पौरुषग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी त्याचा उपयोग १९९० च्या दशकात फ्रान्समधील लियों येथे पुढे आला.

रुग्णास भूल देऊन गुदमार्गाने शलाकेसारखे उपकरण आत घालतात. गुदाची भित्ती भाजू नये म्हणून त्याभोवती थंड पाणी खेळते ठेवतात. प्रत्येक वेळी तांदळाच्या दाण्याएवढा भाग दग्ध होतो. असे दाण्याला दाणा लावत इष्ट भाग पूर्ण करावयाचा असतो. छेद नाही, टाके नाहीत. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. मूत्रनलिका मात्र साधारण आठवडाभर ठेवावी लागते.

आरंभी संपूर्ण ग्रंथीच दग्ध करीत. एम.आर.आय.मुळे रोगाचे स्थान नेमके दिसू लागल्यावर केवळ रोगग्रस्त भाग, फार तर ग्रंथीची एक बाजू, दग्ध करून उर्वरित ग्रंथी राखण्याची पद्धत रूढ झाली. तीच केंद्रित चिकित्सा होय. ग्रंथीलगतच शिश्नोत्थानाच्या नाड्या जातात आणि मूत्रधारण करणारी संवरणी पेशीही तेथेच असते. हे अवयव वाचावेत, हा या पद्धतीमागील मुख्य हेतू आहे.

ही चिकित्सा सर्वांसाठी नाही. रोग ग्रंथीतच सीमित असावा, एम.आर.आय.मध्ये स्पष्ट दिसावा आणि मध्यम जोखमीचा असावा, अशी सामान्यतः अपेक्षा असते. अत्यल्प जोखमीच्या रोगात बहुधा कोणताही उपचार न करता नियमित निरीक्षण ठेवणेच श्रेयस्कर मानतात. अस्थींपर्यंत पसरलेल्या रोगात हिचा उपयोग नाही. ग्रंथी फार मोठी असल्यास अथवा तिच्यात चुनखडीसारखे खडे असल्यास लहरी इष्ट स्थानी नीट पोहोचत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली या यंत्रांना जी मान्यता दिली, तीही पौरुषग्रंथीचे ऊतक दग्ध करण्यापुरती होती. कर्करोग बरा करण्याचे साधन म्हणून ती दिलेली नव्हती. हा भेद जाहिरातीत दिसत नाही.

रुग्ण काय सांगतात

गुरुजींना मी सर्व विस्ताराने विचारले. वेदना फारशी नव्हती, असे त्यांनी प्रथम सांगितले. सर्वांत त्रासाचा होता तो मूत्रनलिकेचा आठवडा. रात्री कूस बदलता येत नसे आणि सुनेसमोर पिशवी घेऊन वावरण्याचा संकोच वाटे. नलिका काढल्यावर तीन-चार आठवडे मूत्रदाह होता, मधूनमधून रक्ताची झाक येई आणि मृत ऊतकाचे बारीक कण मूत्रावाटे पडत. ते कण पाहून ते प्रथम घाबरले होते. हे होणार, याची पूर्वकल्पना फाईलमधील एका पानावर लिहिलेली होती, पण ते पान वाचले गेले नव्हते.

मूत्रधारण त्यांचे पूर्ववत राहिले. कपडे ओले होण्याची नामुष्की एकदाही आली नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला. लैंगिक बाबतीत मात्र त्यांनी खालच्या आवाजात, पत्नी बाहेरच्या खोलीत गेल्यावर सांगितले की शक्ती उणावली आहे आणि शुक्रप्रवृत्ती जवळपास होत नाही. लंडनच्या डॉक्टरांनी हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला होता, तेव्हा मुलगा दुभाष्या म्हणून समोर बसलेला असल्याने त्यांनी 'सर्व ठीक आहे' असे उत्तर दिले. आपल्याकडे सासऱ्याला, वडिलांना हे बोलता येत नाही. वैद्याच्या खोलीचे दार लावले तर कदाचित बोलता येते.

त्यांचा हा अनुभव अपवादात्मक नाही. लंडनमध्ये ४१ रुग्णांवर झालेला एक प्रारंभिक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या ३५ पुरुषांची शक्ती आधी चांगली होती, त्यांपैकी ३१ जणांची वर्षअखेरीस पुरेशी टिकली होती. ब्रिटनमधील ६२५ रुग्णांचा पाच वर्षांचा अहवाल २०१८ साली आला. त्यात ज्यांनी प्रश्नावली भरून दिली, अशा २४७ जणांपैकी २४१ जणांना मूत्रगळतीसाठी पॅड वापरावे लागत नव्हते. शल्यक्रियेनंतर गळती व नपुंसकत्व यांनी गांजलेले रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या आकड्यांचे मोल कळेल. मूत्रमार्गाचा संकोच, वृषणाधिवृषणाचा शोथ, मूत्रावरोध हे उपद्रव मात्र काही रुग्णांत होतात. क्वचित गुद व मूत्रमार्ग यांच्यामध्ये भगंदरासारखा मार्ग निर्माण होतो. तो विरळा असला तरी दुःसह असतो.

सुखाचीच दुसरी बाजू

उपचार जेवढा सुखकर, तेवढा रुग्ण लवकर विसरतो. मोठा छेद घेतलेला माणूस आयुष्यभर व्रण पाहून सावध राहतो. येथे व्रणच नाही. आणि जे उरले आहे, ते डोळ्यांस दिसत नाही.

२०१२ च्या त्याच अभ्यासात सहा महिन्यांनी पुन्हा ऊतक-तपासणी केलेल्या ३९ पैकी ३० रुग्णांत कर्करोग आढळला नाही. म्हणजेच ९ जणांत कोठे ना कोठे तो होता, मग तो अल्प का असेना. ब्रिटनमधीलच १३७९ रुग्णांचा मोठा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. संपूर्ण ग्रंथीवरील उपचार, रोगाचा प्रसार वा मृत्यू अशा प्रकारच्या अपयशापासून सात वर्षे मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण त्यात सुमारे ६९ टक्के होते. काहींना हीच चिकित्सा पुन्हा घ्यावी लागली. पौरुषग्रंथीचा कर्करोग पुष्कळदा एकाच वेळी अनेक ठिकाणी असतो. मुख्य केंद्र दग्ध केले तरी लहान केंद्रे राहू शकतात, आणि राखलेल्या ग्रंथीत नवे केंद्रही उद्भवू शकते. यास चिकित्सेचा दोष म्हणता येणार नाही. ग्रंथी राखण्याचा निर्णय घेतला, त्याच्या पोटात निरीक्षणाची अट आलीच.

म्हणूनच गुरुजींच्या फाईलमध्ये स्पष्ट वेळापत्रक होते. पहिले वर्ष दर तीन महिन्यांनी पी.एस.ए., नंतर दर सहा महिन्यांनी, वर्षअखेरीस एम.आर.आय. आणि आवश्यक वाटल्यास ऊतक-तपासणी. ग्रंथी पूर्ण काढली की पी.एस.ए. जवळजवळ शून्यावर येते. केंद्रित चिकित्सेनंतर तसे होत नाही, कारण राहिलेली ग्रंथी ते निर्माण करीतच असते. ते एका नीचांकाला येऊन स्थिरावते आणि त्या नीचांकावरून होणारी वाढ हीच धोक्याची सूचना असते. गुरुजींचा नीचांक १.९ होता.

मी त्या वेळी ती फाईल चाळली, वेळापत्रक पाहिले आणि वर म्हणालो, "गुरुजी, हे तर आपले अग्निकर्मच! सुश्रुताचार्य म्हणतात, जळलेला रोग परत येत नाही." ते संस्कृतचे शिक्षक होते. त्यांनी मूळ वचन लिहून मागितले आणि मी ते माझ्याच औषधपत्रावर लिहून दिले.

दोन वर्षे त्यांनी तपासण्या नीट केल्या. २०२० च्या टाळेबंदीत एक चुकली, मग दुसरी चुकली. त्यानंतर मुलाने दूरध्वनीवर विचारले की ते माझा कागद दाखवीत : शास्त्रात लिहिले आहे, आता काय पाहायचे? २०२३ च्या पावसाळ्यात ते अन्य तक्रारीसाठी आले असता मी पी.एस.ए. करविले. ते ७.२ निघाले. नागपुरात एम.आर.आय. व ऊतक-तपासणी झाली. दग्ध केलेली उजवी बाजू स्वच्छ होती. रोग डाव्या बाजूस होता आणि पहिल्यापेक्षा उग्र होता. सुदैवाने तो ग्रंथीबाहेर गेला नव्हता. किरणोपचार आणि त्यासोबत संप्रेरक-शमनाची इंजेक्शने झाली. आज गुरुजी बरे आहेत. परंतु जी मूत्रशक्ती व पुरुषशक्ती राखण्यासाठी पहिला उपचार निवडला होता, तिची पुष्कळशी हानी या दुसऱ्या उपचाराने झाली. तीन वर्षे आधी कळते, तर अधिक सौम्य मार्ग मिळण्याची शक्यता होती.

त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो कागद मात्र त्यांनी परत आणून दिला. तो आजही माझ्या मेजाच्या खणात आहे.

वचनाची पूर्णता

घरी येऊन मी पुन्हा सुश्रुतसंहिता उघडली. ज्या आचार्यांचे सूत्रस्थानातील वचन मी ऐकविले, त्याच आचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात अर्बुदाविषयी बजावले आहे की, शेष राहिलेले अर्बुद शीघ्र पुन्हा उद्भवते, आणि अग्नीचा शेष जसा घात करतो तसे ते शेष रुग्णाचा घात करते. एका ठिकाणी अग्नी रोगाचा नाश करणारा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी उरलेल्या रोगालाच अग्नीची उपमा आहे. मी अर्धेच वचन सांगितले होते.

शिवाय अग्निकर्माचे वचन दग्ध झालेल्या व्याधीविषयी आहे. गुरुजींची दग्ध झालेली बाजू खरोखरच निर्दोष निघाली, म्हणजे आचार्यांचे वचन त्या बाजूपुरते अबाधित राहिले. जे दग्ध केलेच नव्हते, त्याविषयी आचार्यांनी हमी दिलेली नाही. ती मी माझ्या पदरची दिली. नव्या यंत्रात जुने सूत्र दिसले की आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु साम्य दाखविणे आणि फलश्रुती सांगणे यांत अंतर आहे. रुग्ण ते अंतर जाणत नाही. तो वैद्याच्या तोंडचे शब्द धरून चालतो.

आपल्या जिल्ह्यातील स्थिती

केंद्रित ध्वनिलहरी-चिकित्सा ही आपल्या भागातील सामान्य रुग्णास सहजी लाभणारी गोष्ट नव्हे. तरीही तिचा विचार आपल्याला एका मूळ प्रश्नाकडे नेतो : असा पर्याय समोर ठेवता येईल, इतक्या लवकर आपला रुग्ण निदानापर्यंत पोहोचतो काय?

आर्वी तालुक्यातील एक शेतकरी मला आठवतात. "कंबर दुखून राहिली" एवढीच तक्रार होती. कटिग्रह समजून दोन ठिकाणी तैल, स्वेद, बस्ती झाले होते. माझ्याकडे आले तेव्हा रात्रीची वेदना, वजनातील घट आणि वय ऐकून पी.एस.ए. करविले. ते तीन आकडी होते. रोग कण्याच्या मणक्यांत पोहोचला होता. त्यांच्यासाठी कोणत्याही केंद्रित चिकित्सेचा प्रश्नच उरला नव्हता.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी असलेले जिल्हे देशात थोडे आहेत, त्यांत आपला आहे. आपल्याकडे तंबाखूजन्य मुखाच्या कर्करोगाची चर्चा होते आणि ती व्हावयासच हवी. पौरुषग्रंथीच्या रोगाविषयी मात्र मौन आहे. सेवाग्राम व सावंगी येथील रुग्णालये आणि नागपूर-वर्धा मार्गावर जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था ही सर्व आपल्या रुग्णाच्या आवाक्यातील ठिकाणे आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार अंतर्भूत आहेत. साधने जवळ आहेत, पण त्यांच्याकडे जाणारी वाट पुष्कळदा आपल्या चिकित्सालयातून जाते.

वैद्यांसाठी काही सूचना

१) पन्नाशीपुढील पुरुष मूत्रकृच्छ्र वा मूत्राघाताची लक्षणे घेऊन आल्यास औषधयोजनेपूर्वी गुदमार्गाने परीक्षण करावे आणि पी.एस.ए.चा विषय समजावून सांगावा. पी.एस.ए. वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही. साधी ग्रंथिवृद्धी, जंतुसंसर्ग व मूत्रनलिका घालणे यांमुळेही ते वाढते. संसर्ग असल्यास तो शमून साधारण सहा आठवडे लोटल्यावर तपासावे.

२) लक्षणांचा उपशम हा कर्करोग नसल्याचा पुरावा मानू नये. हा रोग बहुधा ग्रंथीच्या बाह्य भागात सुरू होतो आणि दीर्घकाळ मूत्रमार्गास उपद्रव देत नाही. आपली औषधे साध्या ग्रंथिवृद्धीची लक्षणे शमवीत असतात, तेव्हा शेजारी दुसरा व्याधी निःशब्द वाढत असू शकतो.

३) निदान झालेला रुग्ण घाबरून येतो. त्यास सांगावे की घाई करण्यासारखी स्थिती बहुधा नसते. ब्रिटनमधील १६४३ रुग्णांच्या अभ्यासात निरीक्षण, शल्यक्रिया व किरणोपचार असे तीन गट करून पंधरा वर्षांचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या रोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण सुमारे तीन टक्के अथवा त्याहून कमी होते. मात्र केवळ निरीक्षणाखालील गटात रोगाचा प्रसार शल्यक्रियेच्या वा किरणोपचाराच्या गटाच्या जवळपास दुप्पट आढळला. विचार करण्यास अवधी आहे, दुर्लक्ष करण्यास नाही.

४) हायफू झालेल्या रुग्णास शल्यविशारदाच्या अनुमतीवाचून बस्ती, उत्तरबस्ती वा गुदमार्गाचा कोणताही उपक्रम करू नये. ज्या भित्तीलगत दाह झाला आहे, ती नाजूक असते.

५) अशा रुग्णाच्या नोंदवहीत उपचाराची तारीख, पी.एस.ए.चा नीचांक आणि पुढील तपासणीची तारीख ठळक लिहावी. प्रत्येक भेटीत, मग ती सर्दीसाठी का असेना, ती विचारावी. नीचांकावरून वाढ दिसताच रुग्णास परत पाठवावे. औषध देऊन वाट पाहू नये.

६) लैंगिक तक्रार एकांतात, स्वतःहून विचारावी.

औषधालय-चालकांसाठी

या विषयात आपले स्थान वैद्यांइतकेच महत्त्वाचे आहे. फिनास्टेराइड वा ड्युटास्टेराइड ही ग्रंथिवृद्धीची आधुनिक औषधे काही महिने घेतल्यास पी.एस.ए. सुमारे निम्म्यावर येते. रुग्ण ती परस्पर नेत असेल, तर तपासणीचा आकडा दिशाभूल करतो. हे त्याच्या वैद्यास कळलेच पाहिजे.

चिकित्सेनंतर शक्ती उणावलेले पुरुष वाजीकरण औषधे मागण्यास येतात. 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही उत्पादनांत सिल्डेनाफिलसारखी आधुनिक द्रव्ये मिसळलेली वेळोवेळी उघडकीस आली आहेत. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्या वृद्धास त्यांचा योग प्राणघातक ठरू शकतो. निर्मात्याचा परवाना व तपासणी-अहवाल पाहिल्यावाचून असा माल ठेवू नये.

पी.सी.-स्पेस या अमेरिकेतील वनौषधी-मिश्रणाचे उदाहरण स्मरणात ठेवावे. पौरुषग्रंथीच्या कर्करोगात त्याने पी.एस.ए. खाली येते म्हणून त्याची ख्याती झाली होती. पुढे त्यात कृत्रिम स्त्री-संप्रेरक व रक्त पातळ करणारे वॉरफरिन यांची भेसळ आढळली आणि २००२ साली ते बाजारातून मागे घेण्यात आले. आकडा खाली आला होता, पण तो वनस्पतींमुळे आला हे कोणीच सिद्ध करू शकत नव्हते. त्या एका भेसळीने प्रामाणिक वनौषधींचीही पत गेली.

समारोप

केंद्रित ध्वनिलहरी-चिकित्सा हा निवडक रुग्णांसाठी उपयुक्त व सुखकर मार्ग आहे, असे उपलब्ध अनुभव सांगतात. दीर्घकालीन निष्कर्ष अद्याप पूर्णतः हाती यावयाचे आहेत. तिची प्रशंसा करावी, तिच्याविषयी रुग्णास निष्कारण भय घालू नये. परंतु 'जळले म्हणजे संपले' हे वाक्य मात्र आपल्या तोंडून जाऊ नये.

गुरुजी आता दर तीन महिन्यांनी तपासणीचा कागद घेऊन येतात. मी तो पाहतो, नोंदवहीत आकडा लिहितो आणि पुढील तारीख त्यांच्या हातावर देतो. औषधपत्रावर आता मी फक्त तारीख लिहितो.